जगदेवीनं गोड सोडलं

बिदरच्या कडेला, कोळारच्या इंडस्ट्रियल एरियात आमची चॉकलेटची फॅक्टरी होती असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी भलतंच उभं राहतं. फॅक्टरी कसली डोंबलाची! पत्र्याची एक लांबट शेड, मोठाल्या कढया, गोळ्या पाडायचं एक जुनं मशीन आणि रॅपर गुंडाळायला बसलेल्या बायका. आपल्याकडे कागदात गुंडाळलेली कुठलीही गोड गोळी म्हणजे चॉकलेटच, त्या अर्थानं ती चॉकलेटची फॅक्टरी. संत्र्याची, आंब्याची, कॉफीची आणि दुधाची गोळी आम्ही करत असू. मी स्टोअर सांभाळायचो. साखरेची पोती, डालड्याचे डबे आणि एसेन्सच्या बाटल्या माझ्या ताब्यात. व्यंकटचं डोकं लवकर तापतं अशी माझी ख्याती असल्यामुळे माझ्या खोलीत उगाच कुणी टेकत नसे. जगदेवी मात्र खुशाल येऊन बसायची.

जगदेवी हळ्ळीखेडच्या बाजूची, मेंढपाळाच्या घरातली. चरायला रान उरलं नाही तशी तिच्या नवऱ्यानं, निंगप्पानं, मेंढरं विकली आणि तो हैदराबादला एका बांधकामावर वॉचमन म्हणून गेला. त्या वर्षांत आमच्या भागातले निम्मे बाप्ये हैदराबाद नाहीतर पुणे गाठत होते. घरी फक्त सणाला तोंड दाखवायचे. मग जगदेवी सासूला आणि एकुलत्या पोरीला घेऊन कोळारजवळच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत आली आणि आमच्याकडे रॅपर गुंडाळायला बसली. सासूचं नाव नागूबाई, पोरीचं धनलक्ष्मी. पोरीला सगळे धनू म्हणत.

जगदेवीची जीभ तिखट होती, म्हणजे चव ओळखण्यात तिखट. बोलायलाही होतीच, ते सोडा. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना ती दूध पिऊन सांगायची म्हणे, की आज कळप कुठल्या माळावर चरला. आम्ही हसायचो. पण एकदा तिनं दुधाची गोळी तोंडात टाकून, ‘आज पावडरीचा डबा बदललाय काय वो?’ असं विचारलं आणि डबा खरंच बदललेला निघाला. मालकांच्या कानावर ते गेलं. मालक शिवशंकरप्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणत. माणूस हौशी. बाजारात तेव्हा मोठ्या कंपन्यांची खरीखुरी चॉकलेटं यायला लागली होती, चकचकीत कागदातली, टीव्हीवर जाहिरात असलेली, आणि आमच्या गोळ्यांकडे पोरं बघेनाशी झाली होती. अप्पांच्या मनानं घेतलं की आपणही तसलं चॉकलेट काढायचं. हैदराबादला गेले की ते पिशवीभर चॉकलेटं आणत आणि जगदेवीला चाखायला लावत.

हा कार्यक्रम माझ्या स्टोअरमध्ये चाले, कारण तिथं जरा गार असायचं. जेवणाच्या सुट्टीआधी, रिकाम्या पोटी. जगदेवी आधी कोमट पाण्यानं चूळ भरायची, कोरड्या ज्वारीच्या भाकरीचा एक घास चावून तोंड साफ करायची आणि मग चॉकलेटचा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायची. चावायची नाही. दुसरा तुकडा घेण्याआधी पुन्हा भाकरी, पुन्हा पाणी.

‘ह्यो टाळूला चिकटायलाय, डालडा लई हाय ह्यात,’ ती म्हणायची. मग दुसरा. ‘ह्यो बगा कसा, जिभंवर पडला की पाणीच व्हायलाय. गिळल्यावर मागनं जरा कडू येतंय, करडईचं बी चावल्यावानी. हेच्यातलं दूध आटवलेलं हाय अप्पा, आपल्यासारखं भुकटीचं न्हाई.’

अप्पा मान डोलवत आणि आचाऱ्याला बोलावून कढईत काय कमी-जास्त करायचं ते सांगत. सगळंच तिला कळायचं असं नाही. एकदा अप्पांनी दुबईहून आलेल्या कुणाकडून काळंकुट्ट चॉकलेट मिळवलं, त्या सगळ्यांत भारी. जगदेवीनं ते जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. ‘कढई खालनं लागली व्हय त्यांची? करपलंय की वो हे!’ अप्पा ठसका लागेपर्यंत हसले. त्यांनी पुष्कळ समजावलं, पण तिनं आपलं मत काही बदललं नाही. असलं विकत घेणारी माणसं येडी असतात, असंच ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

उरलेले तुकडे ती कागदात बांधून घरी न्यायची. धनू वाटच बघत बसलेली असे. मायलेकींचा एक खेळ होता. जगदेवी तुकडा दातानं तोडायची, अर्धा स्वतः खायची, उष्टा अर्धा पोरीच्या तोंडात घालायची. पोरीनं डोळे मिटून सांगायचं कशाची चव आहे ते. कधी पोरगी आधी चावायची आणि तिचं उष्टं माय खायची. धनूची चव सांगायची तऱ्हा न्यारीच होती. कॉफीच्या गोळीला ती ‘मास्तरीणबाई’ म्हणायची, कारण आधी रागावते आणि मग बरी वागते. संत्र्याची गोळी म्हणजे शेजारची काकू, बोंबलत येते आणि लगेच निघून जाते. आणि मोठ्या कंपनीचं दुधाचं चॉकलेट म्हणजे ‘झोपलेली आज्जी’. नागूबाई ते ऐकून लटकंच रागवायची. मी त्यांच्याकडे गेलो की पोरगी मलाही डोळे मिटायला लावायची. मला सगळं नुसतं गोडच लागायचं. ‘व्यंकटअण्णाला जीभच न्हाई,’ म्हणून ती टाळ्या पिटायची.

ती अकरा वर्षांची असताना तिला खोकला लागला. आधी आम्ही सगळेच म्हणालो, गोड खाऊन झाला असेल. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला, पोरीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. सरकारी दवाखान्यात तपासलं तर टीबी निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं की बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. लांबलचक कोर्स होता. गोळ्यांनी पोरीला उलट्या व्हायच्या.

नागूबाईला गोळ्यांवर भरवसा नव्हता. तिचा भरवसा मैलार मल्लण्णावर, म्हणजे आपल्या खंडोबावर. एका रविवारी ती सुनेला घेऊन देवाला गेली. पदरात भंडारा घेऊन जगदेवीनं नवस बोलला, की पोरगी खडखडीत बरी होऊन तिच्या पायानं तुझ्या पायरीला येईपर्यंत मी गोडाला शिवणार नाही. त्यांच्या घरात अशी रीत, की आपल्याला सगळ्यात प्रिय ते सोडायचं. आणि दुसरी रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस केला त्याच्या कानावर तो जाऊ द्यायचा नाही. त्यानं ऐकलं की नवस फुकट.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी चॉकलेटचे तुकडे पुढं केले तर बाई हात मागं घेऊन उभी. म्हणाली, दाढ दुखतेय. आठवडा गेला, दाढ दुखतच राहिली. अप्पा वैतागले. तिला पुन्हा रॅपरच्या टेबलावर बसवलं आणि चाखायला श्रीशैल नावाच्या मशीनवाल्याला घेतलं. त्याला जे द्याल ते ‘मस्त हाय अप्पा’ म्हणायचा. त्यानं मस्त म्हटलेल्या मालाची खोकी दुकानांतून परत यायला लागली.

मी जगदेवीला स्टोअरमध्ये गाठलं. तिनं इकडंतिकडं बघून नवसाचं सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

‘अगं, चाखून थुंकून टाक की! पोटात गेलं तर ना नवस मोडणार?’

‘जिभंला लागलं की गेला, अण्णा. देवाला काय फसवायचं?’

‘आणि तुझ्या ह्या सोडण्यानं टीबी बरा होणार? गोळ्या देतेस ना पोरीला?’

‘देतेय की. तुमी उगं कामून चिडायलाव? तुमचं काय जायलंय?’ असं म्हणून तिनं पदर पुढं केला. ‘तुकडे उरले असले तर द्या. पोरगी दुसरं कायबी खाईना झालीय.’

मी तुकडे दिले. रोज देत राहिलो. श्रीशैलनं अर्धे खाऊन संपवलेले असायचे, त्यातले वाचवून.

घरी काय झालं असेल ते आता मला कळतं. माय तुकडा घेऊन येते, पण तोडत नाही. अख्खा पोरीच्या हातात देते आणि तोंड फिरवून चुलीपुढं बसते. पोरगी अर्धा चावून पुढं करते, तर माय म्हणते, ‘मला नगं, तूच खा.’ विचारलं तर काहीतरी कारण. दात दुखतात, पोट भरलंय. सांगता तर येत नाही. त्याच काळात दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं की पोरीचा पेला वेगळा ठेवा. शेजारच्या काकूनं आपली पोरं धनूकडे पाठवायचं बंद केलं होतं. पोरीनं सगळ्याचा एकच अर्थ लावला आणि कुणाजवळ तोंडातून ब्र काढला नाही. मी एकदा गेलो तेव्हा ती आपलं ताट स्वतः घासून कोपऱ्यात पालथं घालत होती. मला वाटलं, शहाणी पोर आहे, डॉक्टरांचं ऐकते.

दोन-तीन महिन्यांत पोरीचा ताप उतरला. अंगावर थोडं मांस आलं. नागूबाईनं वस्तीभर सांगितलं की मल्लण्णानं हाक ऐकली. आणि मग त्या घरात जे झालं ते आठवलं की आजही माझी कानशिलं गरम होतात. गोळ्या बंद केल्या. उलट्या होतात, पोर बरी दिसते, देवानं मनावर घेतलंय, मग ते विष कशाला, असं नागूबाई म्हणाली. आणि जगदेवीनं, जिला दुधातला माळ कळायचा, तिनं मान डोलवली. तिनं आपल्या वाट्याचं सोडलं होतं, तिला वाटलं की त्याचंच फळ आलं. मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी खोलीत जाऊन तमाशा केला असता, म्हणूनच सांगितलं नसेल.

उन्हाळा सरता सरता ताप परत आला, आणि ह्या वेळी खोकल्यातून रक्त पडलं. बिदरच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं आणि उत्तर ऐकून हातातला पेन टेबलावर आपटला. ते बोलले ते मी सांगत नाही. मीही तेच बोललो असतो. पुन्हा औषधं सुरू झाली, ह्या वेळी सुया टोचायला लागल्या, पण फुप्फुसात काही उरलं नव्हतं.

मी एका दुपारी भेटायला गेलो. अप्पांनी स्वतः हैदराबादहून आणलेलं दुधाचं चॉकलेट पोरीसाठी दिलं होतं. धनू खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोळे तेवढे मोठे राहिले होते. जगदेवी पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती. नागूबाई पाणी आणायला नळावर गेली होती. मी कागद काढला, चॉकलेट मोडलं आणि जुन्या सवयीनं एक तुकडा पोरीला दिला, दुसरा मायकडे धरला. जगदेवीनं गोड सोडलंय हे त्या घाईत माझ्या ध्यानातच राहिलं नाही. ती नको म्हणायच्या आतच धनू बोलली.

‘मायला देऊ नगा अण्णा. माज्या जवळचं खात न्हाई ती.’

‘म्हंजे?’

‘माजं उष्टं खात न्हाई आता. मायला किळस येतीय माजी.’ पोरगी अगदी सरळ आवाजात बोलत होती, रागावून नाही की रडून नाही. ‘तिचं बरोबरच हाय. खोकल्याचं लागंल की तिला. म्या म्हणूनच ताट येगळं ठेवते. तुमी तिला बोलू नगा.’

जगदेवीचे हात थांबले. इतके महिने पोरगी हे पोटात घेऊन बसली होती, आणि तिच्या पायाशी बसून हिला पत्ता नाही. मी बाईच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. मला फक्त दिसलं, की ती उठली, पोरीच्या हातातला चावलेला तुकडा तिनं घेतला, थुंकी लागलेला, आणि सबंध तोंडात घातला. चावला. गिळला. मग पोरीच्या ओठांना लागलेलं बोटानं पुसून तेही चाटलं.

‘किळस कुणाची गं? तुजी? माज्या पोटातनं आलीस तू,’ ती म्हणाली.

नेमकी तेवढ्यात नागूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिनं सुनेच्या ओठावरचं चॉकलेट पाहिलं. तांब्या तिथंच खाली ठेवला आणि वॉर्डातल्या सगळ्या खाटा ऐकतील अशा आवाजात ओरडली, ‘नवस मोडलीस गं रांडं! पोरीचा जीव घेतलीस! तिच्यासाठी गोड सोडली हुतीस, आन तिच्याच म्होरं खायलीस?’

मी म्हातारीचा दंड धरून तिला बाहेर नेलं. तिथं तिला आयुष्यात कुणी बोललं नसेल इतकं बोललो. ती भुईवर बसून छाती पिटत होती. तिचीही नात होती ती. मग मी आत आलो.

धनू मायकडे बघत होती. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला सगळं समजतं.

‘माज्यासाठी सोडली हुतीस व्हय?’

जगदेवीनं मान हलवली.

‘मग आता देव रागावंल.’

‘रागावू दे,’ जगदेवी म्हणाली.

पोरगी सरकली आणि तिनं खाटेवर मायला जागा केली. मी निघालो तेव्हा दोघी एका उशीवर होत्या आणि नर्सबाई ओरडत होती की पेशंटच्या खाटेवर झोपायचं नाही. त्या दोघींनी तिकडं लक्ष दिलं नाही.

आठवड्याच्या आत धनू गेली. निंगप्पा हैदराबादहून आला तेव्हा माती देऊन झाली होती. तो ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिला. नागूबाई जे बोलायचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ बोलत होती, की माझ्या नातीला देवानं वाचवलं होतं, हिच्या जिभेनं खाल्लं. वस्तीतल्या बायकांनाही ते पटलं. गोळ्यांबद्दल मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. बायका ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा नवसाचंच बोलायच्या. पुढं नागूबाई गावी निघून गेली आणि सुनेचं तोंड तिनं मरेपर्यंत पाहिलं नाही.

जगदेवी कामावर परत आली. अप्पांनी तिला पुन्हा चाखायला बसवलं. तीच कोरडी भाकरी, तेच कोमट पाणी. तिचे अंदाज पूर्वीसारखेच बरोबर यायचे, फक्त ती आता डोळे मिटत नसे आणि जास्त बोलत नसे. ‘साखर जादा हाय’, ‘हे चालंल’, एवढंच. त्यानंही फॅक्टरी वाचली नाही. मोठ्या कंपन्यांची चॉकलेटं खेड्यापाड्यातल्या टपरीवर पोचली आणि दोन-चार वर्षांत अप्पांनी शेडला कुलूप लावलं. मी कोहिनूरला, माझ्या गावी, परत शेतावर आलो. जगदेवी निंगप्पाबरोबर हैदराबादला गेली.

मध्ये बरीच वर्षं गेली. दोन हजार अकरा साली हुमनाबादच्या स्टँडवर ती मला भेटली. केस पिकले होते, पण मी लांबूनच ओळखलं. कुणाच्या तरी लग्नाला आली होती. आम्ही बाकावर बसून चहा घेतला. तिनं माझ्या पोराबाळांची चौकशी केली, शेताचं विचारलं. मग बोलणं धनूवर आलंच. मी इतक्या वर्षांनीही तेच सांगायला लागलो, की जगदेवी, पोर गोळ्या सोडल्यानं गेली, तू एक तुकडा खाल्लास त्यानं नाही. माझा आवाज चढला, शेजारचे लोक बघायला लागले.

तिनं मला पुरतं बोलू दिलं.

‘तुमचं खरं असंल अण्णा,’ ती म्हणाली. ‘म्या तुमच्याशी भांडत न्हाई. पण धनूला कुटं ठाऊक हुतं ते? तिला वाटलं, मायनं नवस मोडला म्हणून म्या मरायलाव. तसंच समजून गेली ती. आन तरीबी जाईस्तवर माज्या गळ्यातला हात काढला न्हाई पोरीनं.’